तिची तिनं लावलेली लाइन

मळवली, २० जून २००४

आबा,

काय म्हणून लिहावं हेच ठरेना, म्हणून नुसतं आबा लिहिलं. सासरे म्हणायची परवानगी तुम्ही दिलेली नाही, आणि परक्या माणसाला लिहावं तसं मला जमणार नाही. मी उमेश, प्रेरणाचा नवरा.

परवा प्रेरणाच्या आईंचा फोन आला होता. म्हणाल्या, "तुमी त्येंना पत्र घाला. बोलायचे न्हाईत, पन वाचतील." प्रेरणा शेजारीच उभी होती. ती म्हणाली, "लिहा. फक्त माझं गाऱ्हाणं लिहू नका. जे घडलं ते लिहा." म्हणून तेवढंच लिहितो.

लग्नाला दोन वर्षं झाली. मी ठाकरवाडीतला, आणि तिला दिसत नाही, या दोन्हींचा राग तुम्ही एकदमच केलात. "तिला हाताला धरून कोण चालवनार?" असं तुम्ही माझ्या वडलांना विचारलं होतं. वडलांना तेव्हा उत्तर सुचलं नाही. मला आजही नीट सुचत नाही, कारण धरून चालवायची वेळ माझ्यावर फारशी आलीच नाही.

आमचं सगळं ठीक आहे. मी मानसी मॅडमच्या तीन बंगल्यांची देखभाल करतो. मागं दोन खोल्या आम्हाला दिल्यात. मॅडम मुंबईला असतात. बंगले शनिवार-रविवार पाहुण्यांना देतात, आणि आता लोक फोनपेक्षा ईमेलनं विचारतात. त्याला उत्तरं द्यायला मॅडमना इथंच माणूस पाहिजे होतं. मी आयटीआयचा इलेक्ट्रिशियन, माझं इंग्रजी स्विचवरच्या अक्षरांपुरतं. प्रेरणा म्हणाली, "मी देईन."

लोणावळ्याला सत्यम नावाचा मुलगा कॉम्प्युटरचे क्लास घेतो. त्याच्या क्लासचं वायरिंग मी केलं होतं. त्यानं एक जुनं मशीन दिलं, त्यात विंडोजऐवजी लिनक्स नावाची सिस्टिम घातली आणि वर एक बोलणारा प्रोग्राम. मशीनमध्ये आलेली अक्षरं तो इंग्रजीत बोलून दाखवतो. विकतचे असे प्रोग्राम आमच्या आवाक्यातले नव्हते, लिनक्सवरचा फुकट आहे. फोनची तार जोडायला मोडेमचा एक खोका दिला, त्यातून इंटरनेट येतं.

पण त्या खोक्याला फोन लावायला सांगणारा प्रोग्राम कुठला घ्यायचा, यावर आमच्या घरात पूर्ण संध्याकाळ गेली. सत्यम म्हणाला, "वहिनी, तीन आहेत. केपीपीपी सगळ्यात सोपा." त्यानं स्वतःचा स्क्रीन आणला होता, त्यावर लावून दाखवला. खरंच सोपा होता. एक चौकट उघडते, तिच्यात 'कनेक्ट' असं बटण, माउसनं दाबलं की झालं.

प्रेरणानं विचारलं, "बटण बोलतं का?"

"नाही."

मी म्हणालो, "मी दाबत जाईन की. सकाळ-संध्याकाळ दोनदाच तर दाबायचंय."

"आन् तुमी वाडीवर गेलात की? पाहुण्यांना काय लिहू, नवरा आला की उत्तर देते? मंग कामाला माझं नाव कशाला, तुमचंच द्या."

मला वाईट वाटलं, आबा. मी प्रेमानंच बोललो होतो. रात्रभर विचार केला आणि तिचं बरोबर आहे असं वाटलं. दुसऱ्या दिवशी मी तिला तसं सांगितलं, तर म्हणाली, "मला म्हाईत होतं तुमाला पटंल. येळ लागतो तुमाला." 

तिनं दुसरा घेतला. त्याचं नाव डब्ल्यूव्ही-डायल. एक शब्द टाइप करायचा, पुढं मोडेम शोधणं, नंबर फिरवणं सगळं तो करतो आणि काय करतोय ते ओळीओळीनं लिहीत जातो. लिहिलेलं मशीन बोलतं, म्हणजे तिला कळतं. तिसऱ्याचं नाव पीपीपीडी. त्यात प्रत्येक पायरी आपण लिहून द्यावी लागते, म्हणून सत्यमनं तो बाजूलाच ठेवला. जाताना तो स्क्रीनही घेऊन गेला. आमच्या मशीनला आता स्क्रीनच नाही. पाहुणे खिडकीतून बघतात, नुसत्या कीबोर्डवर बाई टाइप करतेय, आणि गोंधळतात.

आईंना नमस्कार.

उमेश


मळवली, ११ जुलै

आबा,

तुमचं उत्तर नाही. मीही त्या अपेक्षेनं लिहीत नाही.

प्रेरणाचं काम चालू झालं. मशीन इतक्या वेगानं बोलतं की मला नुसती माशी घोंगावल्यासारखी वाटते. तिला त्यात वाक्यं ऐकू येतात. "हळू कर की जरा," म्हटलं तर म्हणते, "हळू केलं की झोप येते."

मधे एक घोटाळा झाला. फोन लागायचा, पलीकडून खरखर यायची, आणि मग तुटायचा. पलीकडचं मशीन नाव विचारील म्हणून आपला प्रोग्राम वाट बघायचा, आणि पलीकडचं काही विचारायचंच नाही. दोघंही एकमेकांसमोर गप्प. सत्यमला फोन केला तर तो हसायलाच लागला. त्या प्रोग्रामला एक ओळ लिहून द्यायची असते, की जास्त डोकं चालवू नकोस, सरळ बोलणी चालू कर. त्या ओळीचं इंग्रजी नावच 'मठ्ठ' अशा अर्थाचं आहे.

प्रेरणा म्हणाली, "म्हंजे लय शहाणं झालं होतं, जरा येडं केलं." आणि एकटीच कितीतरी वेळ हसत होती. लग्नानंतर मी तिला एवढं हसताना पाहिलं नव्हतं, म्हणून लिहिलं.

मोडेमचा आवाज लोक बंद करून टाकतात, कानाला त्रास होतो म्हणून. तिनं मोठा करून ठेवलाय. आधी शीळ, मग किरकिर, मग पाण्याच्या धारेसारखी खरखर. त्या खरखरीवरूनच ती सांगते, "आज टिकंल," किंवा "आज दमच न्हाई." मी दारात उभा राहून ऐकतो. मला सगळ्या खरखरी सारख्याच वाटतात.

उमेश


मळवली, २२ ऑगस्ट

आबा,

पहिल्या पत्रात सगळं ठीक आहे असं लिहिलं होतं. ते पुरतं खरं नव्हतं. पुण्याची एक एजन्सी मॅडमच्या मागं लागलीय, बंगले आमच्याकडे द्या, बुकिंग, साफसफाई, माणसं सगळं आम्ही बघतो म्हणून. तसं झालं तर आमची दोन खोल्यांची जागा जाईल. मॅडमनी म्हणूनच प्रेरणाला जमतंय का ते बघायला काही महिने दिले होते. तुम्हाला लिहिलं नाही, कारण तुम्ही म्हणाल, 'मी आधीच म्हनलो होतो.'

गेल्या शनिवारी नको ते झालं. ठाण्याचं एक कुटुंब यायचं होतं. कार्ला फाट्यापाशी त्यांची गाडी बंद पडली. बरोबर म्हातारी आई, तिला साखरेचा आजार. ते आम्हाला फोन लावत होते, आणि आमचा फोन एकसारखा एंगेज. झालं असं, की प्रेरणानं ईमेल आणायला लाइन लावली आणि वरच्या बंगल्यात चादरी मोजायला गेली, तिथंच संध्याकाळ झाली. मागं लाइन तुटली. तो प्रोग्राम आपण होऊन पुन्हा नंबर फिरवायला लागला, तुटलं की पुन्हा, तुटलं की पुन्हा. बाहेरचा फोन आत यायला जागाच नाही. मी पंपाच्या खोलीत होतो.

पाहुणे संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर बसून राहिले आणि शेवटी लोणावळ्यात हॉटेलात गेले. म्हातारीला चक्कर आली होती. तिथून त्यांनी मॅडमना फोन केला, आणि मॅडमनी आम्हाला.

मॅडम ओरडल्या नाहीत. "उमेश, दसऱ्यापर्यंत बघते," एवढंच म्हणाल्या.

मी प्रेरणाला म्हणालो, "मशीनची चूक, तू मनाला लावून घेऊ नको."

ती म्हणाली, "मशीनची न्हाई. मी त्याला सुरू कर म्हनलं. थांब कधी ते सांगितलंच न्हाई."

रविवारी ती मला घेऊन लोणावळ्याला गेली, त्या हॉटेलात. मी बाहेरच थांबत होतो, तर म्हणाली चला आत. त्या आजींना तिनं स्वतः सांगितलं, माझ्यामुळं झालं. आजी तिच्या तोंडाकडे बघतच राहिल्या. मग विचारलं, "तुला दिसत नाही का गं?" ही म्हणाली, "नाही. पण फोन त्यामुळं एंगेज नव्हता." 

आबा, मी तिच्या जागी असतो तर तेच कारण पुढं केलं असतं आणि सुटलो असतो.

उमेश


मळवली, १९ सप्टेंबर

आबा,

सध्या घरात स्वयंपाक मी करतो. प्रेरणा तिसऱ्या प्रोग्रामच्या मागं लागलीय.

सत्यम आला होता. त्यानं तिला समजावलं, "वहिनी, आहे त्यातच पुन्हा फिरवणं बंद करता येतं. एक ओळ बदलायची." 

"ती ओळ मला म्हाईतेय. मी बंद केलंय ते. पन उद्या ते आनखी कायतरी आपल्या मनानं करंल, आन् मला ते घडून गेल्यावर कळंल. तुमी पडद्यावर बघता, चटकन थांबवता. मला आधीच ठरवून ठेवावं लागतं."

सत्यम म्हणाला, "पीपीपीडी मी स्वतः कधी हातानं लिहिलेला नाही. तुम्ही लिहा, मी तुमच्याकडून शिकतो." तेव्हापासून तो दर बुधवारी येतो.

मला तिनं ते जसं समजावलं तसं तुम्हाला सांगतो. आपण फोनवर बोलतो तसंच ते असतं. नंबर फिरवायचा. पलीकडून अमुक शब्द आला तर आपण तमुक शब्द बोलायचा. शब्द आलाच नाही तर किती वेळ कान लावून बसायचं, ते आधी लिहून ठेवायचं. एंगेज असला तर लगेच ठेवून द्यायचा. त्या कागदाचं, म्हणजे त्या फाइलचं नावच 'चॅट' आहे, गप्पा. 

"गप्पा मारनाऱ्याला कधी उठावं ते कळलं पायजे," असं ती म्हणते.

त्याचं सगळं पुस्तक मशीनमध्येच आहे, इंग्रजीत. ती ऐकते, मागं जाते, पुन्हा ऐकते. पहिले चार दिवस काहीच लागलं नाही. एका ठिकाणी एक अवतरणचिन्ह राहिलं होतं. कानानं चिन्ह कसं सापडायचं? तर ती ओळ ती एकेक अक्षर सुटं करून ऐकत होती. सापडलं तेव्हा ओरडली नाही, काही नाही. चुलीजवळ आली आणि म्हणाली, "भात करपतोय तुमचा."

दुसऱ्या प्रोग्रामची बडबड तिला आधी आवडली होती. आता तिनं आवाज लावलेत. ईमेल आली की दोन बारीक टिवटिव. समोर एंगेज असेल तर एक जाड आवाज. आपल्याच फोनला टोन नसेल तर तीन. दोनदा प्रयत्न, मग लाइन मोकळी सोडायची म्हणजे कोणाचा फोन यायचा असेल तर येईल. काम झालं की आपोआप ठेवून देतो. आता मला बागेत पाणी घालतानाही कळतं आत काय चाललंय.

आबा, मी वायरमन माणूस. तारेत काय चाललंय ते टेस्टर लावून बघतो. हिनं सगळं मनात धरलंय, पुढची पायरी, चुकली तर कुठं जायचं, तिथं चुकली तर कुठं. मला असं वाटतं, की डोळे गेल्यापासून ती घरातून अंगणात जायची तेव्हाही असंच मनात मांडून जात असेल. तुमच्या इंदुरीच्या घरात तुम्ही ते रोज बघितलं असेल.

उमेश


मळवली, १७ ऑक्टोबर

आबा,

काल मॅडम येऊन गेल्या. बरोबर एजन्सीचा माणूस होता, चांगला होता बोलायला. मॅडम म्हणाल्या, "उमेश, तू बाहेर बस. मला बघायचंय ती एकटी कशी करते."

मी पायरीवर बसलो.

आतून तीन आवाज आले. म्हणजे टोन नाही. इतक्या दिवसांत एकदाही टोन गेला नव्हता, आणि नेमका आज. मी उठलो, पुन्हा बसलो, कारण बाहेर बस म्हटलं होतं. 

मग प्रेरणानं फोनचा रिसीव्हर उचलल्याचा आवाज आला. आणि तिचा आवाज, अगदी शांत. "मॅडम, वरच्या बंगल्यातला फोन कोणीतरी नीट ठेवलेला नाही. भांडी घासल्याचं ऐकू येतंय." तिथला फोन आमच्याच लाइनवर आहे, आणि वर साफसफाईवाल्या चंपा मावशी होत्या. त्यांनी धूळ पुसताना रिसीव्हर खाली काढून ठेवला होता आणि तशाच भांडी घासायला बसल्या होत्या. एजन्सीचा माणूस स्वतः वर गेला आणि ठेवून आला.

मग शीळ, किरकिर, खरखर, आणि दोन टिवटिव. आलेल्या तीन चौकश्यांना तिनं तिथंच उत्तरं दिली. लाइन आपोआप बंद झाली आणि लगेच फोन वाजला. दापोडीहून कोणीतरी दिवाळीनंतरचं विचारत होतं. तिनं तारीख सांगितली.

मॅडम बाहेर आल्या. मला म्हणाल्या, "खोल्यांना रंग देऊन घे, ओल आलीय." मला आधी कळलंच नाही. गाडी गेल्यावर कळलं, जाणाऱ्या माणसाच्या खोलीला कोण रंग देईल.

प्रेरणाला सांगितलं तर म्हणाली, "मला पांढरा नको." मी म्हणालो, तुला काय फरक पडतो, आणि जीभ चावली. ती म्हणाली, "पांढऱ्याला चुन्याचा वास येतो महिनाभर."

उमेश


मळवली, २९ नोव्हेंबर

आबा,

काल तुम्ही येऊन गेलात. तुमच्यासमोर मला बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

फाटकाशी तुम्ही उभे होतात तेव्हा मी टाकीवर होतो. वरूनच ओळखलं. उतरेपर्यंत तुम्ही पायरीपाशी आला होतात, आणि आतून प्रेरणा म्हणाली, "आबा, तिसरी पायरी हलती, जपून." तुम्ही एक अक्षर बोलला नव्हतात. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, मी सांगितलं असेल असं वाटून. मी काही सांगितलं नव्हतं.

तुम्ही खुर्चीच्या टोकावर बसलात आणि म्हणालात, "संदेशचं कायतरी बिनसलंय. मस्कतवरनं ईमेल टाकतोय म्हनला, फोनवर सांगंना. तळेगावात त्या दुकानात गेलो, तर दुकानवालाच मोठ्यानं वाचाया लागला. मागं चार जन कान लावून. मी बंद कर म्हनलो आन् उठलो." हे सांगताना तुम्ही जमिनीकडे बघत होतात. तिच्याकडे बघायला हरकत नव्हती, आबा. पण मी तुमचं समजू शकतो.

तिनं का, कधी, कसं काही विचारलं नाही. तिच्या भावानं तुमच्यासाठी उघडून दिलेल्या ईमेलचा पासवर्ड तुमच्या खिशातल्या चिठ्ठीवर होता, तो तुम्ही मला वाचायला लावलात आणि मी तिला सांगितला. तिनं लाइन लावली. त्या आवाजानं तुम्ही दचकलात. तिनं सांगितलं, "आज चांगली लागलीय." पत्र उघडलं, आणि मशीन बोलायच्या आत हेडफोन काढून तुमच्या कानांवर ठेवले. तुमचा फेटा तिनं हातानं चाचपून जरा वर सरकवला. म्हणाली, "तुमचं तुमी ऐका. ही कळ दाबली की पुढची ओळ." आणि मला घेऊन मागच्या खोलीत आली.

पुढचं सगळं तुम्हाला ठाऊक आहे. संदेशनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं होतं, आणि ते मशीन साहेबी सुरात वाचत होतं. त्यातलं तुम्हाला काही उमगणं शक्यच नव्हतं. तुम्ही हाक मारलीत, ती तुमच्याजवळ बसली, ओळ ऐकायची आणि तुम्हाला आपल्या आवाजात सांगायची. मी बाहेर गेलो. संदेशचं काय झालं ते तुमचं घरचं, तिनंही मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तुम्ही सांगितलेलं उत्तर तिनं टाइप केलं तेव्हा दिवे लागले होते. आज सकाळी मस्कतवरून उत्तर आलंय. रविवारी तुम्ही येणार म्हणालात, तोवर ती ते उघडणार नाही.

मला सांगायचंय ते मागच्या खोलीतलं. ते तुम्हाला माहीत असणं शक्य नाही.

तिथं आल्यावर ती भांडी घासायला बसली. घासलेलीच होती. मी म्हणालो, "तू थांबली असतीस तरी चाललं असतं. भाऊच आहे तुझा."

"आबा दुकानातनं उठून आलेत," ती म्हणाली. "हितंबी कुनी कान लावला तर कुटं जातील?"

ती तेच पातेलं फिरवून फिरवून घासत होती, आणि मी भिंतीला टेकून उभा. तेवढ्यात तुम्ही हाक मारलीत. "बाय, हितं ये गं. ह्याचं बोलनं मला उमगंना."

प्रेरणाचे हात थांबले. पातेल्यातून पाणी गळत राहिलं. ती उठली नाही. तिनं मान माझ्याकडे वळवली आणि अगदी हळू विचारलं, "मला म्हनले ना?"

घरात आपण तिघंच होतो, आबा. तरी तिनं विचारलं. मी म्हणालो, "व्हय, तुलाच." तेव्हा कुठं तिनं पातेलं खाली ठेवलं.

उमेश